येडगावात पहिलं नाव कुणाचं

लग्नपत्रिकेत कुणाचं नाव आधी टाकायचं हे ज्याला जमलं, त्याला इंटरनेटवर जाहिरात करणं अवघड नाही. हे मी कुठल्या कोर्सला शिकलो नाही, नारायणगावच्या बाजारपेठेतल्या एका गाळ्यात शिकलो. त्या गाळ्यात आधी माझा छापखाना होता, मग तिथंच सायबर कॅफे झाला आणि कॅफेतून पुढं सर्चवर जाहिराती लावून द्यायचं काम सुरू झालं. आता तिथं माझा भाचा मोबाईलची कव्हरं विकतो आणि मी घरी बसून त्याला फोनवर सल्ले देतो, जे तो ऐकत नाही. या अंकाच्या संपादकांनी मला "डिजिटल क्षेत्रातला तुमचा प्रवास" लिहायला सांगितलं आहे. पण प्रवास असा झालाच नाही. मी त्याच गाळ्यात त्याच स्टुलावर बसून होतो, समोरची यंत्रं तेवढी बदलत गेली. म्हणून प्रवास बाजूला ठेवतो आणि येडगावच्या दोन चुलतभावांची हकिकत सांगतो.

नव्वदच्या दशकात छापखान्याचा मुख्य धंदा लग्नपत्रिकांचा. मी जुन्नरचा मुसलमान, पण वरच्या गणपतीपासून खालच्या "आमच्या ताईच्या लग्नाला नक्की यायचं हं" पर्यंत अख्खी पत्रिका मला तोंडपाठ होती. नवरदेवाच्या डिग्रीत चूक झाली तर लोक हसून सोडून द्यायचे. निमंत्रकांच्या यादीत मात्र कुणी एक ओळ खाली गेला की मांडवात रुसवा ठरलेला. असा माणूस लग्नाला येतो, पण जेवत नाही. पंगतीच्या कडेला उभा राहून सगळ्यांना दिसेल अशा बेतानं जेवत नाही.

येडगावचे बबनतात्या आणि दामूआण्णा हे सख्खे चुलतभाऊ. तात्या थोरल्या पातीचे, म्हणजे त्यांचे वडील मोठे. पण वयानं आण्णा तात्यांहून मोठे. आता यात पहिला मान कुणाचा, हे अजून कुठल्या कोर्टानं सांगितलेलं नाही. त्यांच्या एका पुतणीचं लग्न ठरलं तेव्हा मुलीचा बाप माझ्याकडं आला, दोघांची नावं दोन वेगळ्या चिठ्ठ्यांवर लिहून दिली आणि म्हणाला, "कोण वर आन् कोण खाली, ते तुमीच बघा. मी काय बी बोललो न्हाई."

मी डोकं चालवलं. दोन प्रकारच्या पत्रिका छापल्या. निम्म्यांवर तात्या आधी, निम्म्यांवर आण्णा आधी. गठ्ठे वेगवेगळे बांधले, वर ठळक अक्षरात कुणाचा कुठला ते लिहिलं आणि मुलीच्या मामाच्या हातात दिले. मामा लुनावर निघाला. वाटेत गठ्ठे सुटले, त्यानं पुन्हा बांधले आणि तात्यांचा गठ्ठा आण्णांच्या वस्तीत, आण्णांचा तात्यांच्या वस्तीत वाटून मोकळा झाला. तात्यांच्या हातात पडली ती आण्णांचं नाव वर असलेली पत्रिका. आण्णांच्या हातात पडली ती तात्यांचं नाव वर असलेली. लग्नाच्या दिवशी दोघंही आपापल्या बांधावर उभे राहून लांबूनच बँड ऐकत होते. त्यानंतर दोघांच्या रानांमधून तारेचं कुंपण गेलं, त्याला एक फाटक बसलं आणि आण्णांनी फाटकाला कुलूप घातलं.

मधल्या काळात छापखाना मोडीत निघाला. मी चार कॉम्प्युटर घेतले, बाहेर "इंटरनेट, झेरॉक्स, लॅमिनेशन" असा बोर्ड लावला आणि पोरांच्या ऑनलाइन निकालांवर दिवस काढू लागलो. सर्चच्या जाहिरातीचं तंत्र मला पुण्यातल्या एका ओळखीच्या पोरानं शिकवलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माणूस सर्चच्या खिडकीत काहीतरी टाइप करतो. उत्तरं येतात ती दोन जातींची. एक आपल्या गुणावर आलेली, त्यांना पैसा लागत नाही. दुसरी जाहिराती, त्या वरच्या बाजूला आणि उजव्या अंगाला बसतात, तमाशाच्या तंबूत पुढच्या खुर्च्या असतात तशा. जाहिरातवाला आधी सांगून ठेवतो की अमुक शब्द कुणी टाइप केला तर मला दाखवा. एकाच शब्दावर दहाजण असले तर बोली लागते. आणि यातली खरी गंमत अशी की जाहिरात नुसती दिसली तर पैसा जात नाही. कुणी तिच्यावर बटण दाबलं की जातो. दिवसाची एक मर्यादा घालून ठेवायची, ती संपली की जाहिरात दुसऱ्या दिवसापर्यंत गायब.

हे मी ज्याला ज्याला समजावलं त्यानं मान डोलावली आणि पुढं आपल्याच मनाचं केलं. माझं पहिलं गिऱ्हाईक लोणीचे एक पाणाडी होते. हातावर नारळ ठेवून ते रानात फिरायचे, जिथं नारळ उभा राहील तिथं बोअर. त्यांना शब्द विचारला तर म्हणाले, "पानी. दुसरं काय टाकायचं?" मी म्हटलं, पाव्हणं, पाणी फार मोठा शब्द आहे. ते म्हणाले, "आमचं काम बी मोठंच हाय." आठवड्यात त्यांना पुण्याहून एका बाईंचा फोन आला. फ्लॅटमध्ये पाणी येत नव्हतं. पाणाडी एसटीनं कोथरूडला गेले, नारळ हातावर घेऊन तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फिरले, मग जिन्यानं वर गेले. नारळ गच्चीवर टाकीपाशी उभा राहिला म्हणे. टाकीत पाणी होतं, चावी बंद होती. परत येऊन त्यांनी मला पेढे दिले आणि सांगितलं, "जाहिरात चालू ठिव. शहरात पानी लई वर हाय, पर हाय."

अशा गिऱ्हाइकांत एक दिवस बबनतात्या आले. बरोबर त्यांची सून सुरेखा. ही डिंगोऱ्याची लेक, बारावी झालेली आणि हाताला अशी चव की तिच्या मासवडीसाठी लोक वाट वाकडी करून येत. त्या वर्षांत आमच्याकडं कृषी पर्यटनाचं वारं आलं होतं. शहरातली माणसं गाडी करून येतात, शेत बघतात, चुलीवरचं जेवतात, एक रात्र राहतात. सुरेखानं घराच्या मागं दोन खोल्या काढल्या होत्या, अंगण सारवून झोपाळा बांधला होता. पाहुणे मात्र येत नव्हते.

तात्या दुकान न्याहाळत होते तेवढ्यात ती माझ्याशी हळूच बोलली. "अल्ताफभाऊ, आमच्या ह्यांना चाकणच्या कंपनीत लावतो म्हणतोय त्यांचा मित्र. ह्ये म्हणत्यात दिवाळीपर्यंत थांबू. दिवाळीच्या सुट्टीत बी खोल्या रिकाम्या राह्यल्या तर बिऱ्हाड घिऊन भोसरीला. मी बघून आले ती खोली. खिडकी उघडली की समोरच्याचं न्हाणीघर. मला न्हाई जायचं, भाऊ."

तिनं हे इतक्या सरळ सांगितलं की मी त्याच दिवशी जाहिरात लिहायला बसलो. जागा जेमतेम तीन आखूड ओळींची.

"आधी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाक," तात्या म्हणाले.

"तात्या, तेवढ्यातच एक ओळ संपते."

"मंग बाकीचं कमी कर. आन् खाली 'हेच आग्रहाचे निमंत्रण' पायजे. न्हाईतर लोक म्हनतील, नुसतंच सांगितलं, बोलावलं न्हाई."

शब्दांची यादी तर याहून भारी. येडगाव, धरण, मोकळी हवा इथपर्यंत ठीक होतं. त्यापुढं त्यांनी आपल्या गाड्याच्या बैलाचं नाव सांगितलं, मथुर. "शर्यतीच्या घाटात मथुरला वळखत न्हाई असा मानूस दाव." मी टाकला. त्या शब्दावर खरोखर एकानं बटण दाबलं. तो मंचरचा निघाला, येडगावला आला, अंगणात बसून चहा प्यायला आणि बैलाची किंमत विचारून गेला.

आठच दिवसांत दामूआण्णा हजर. पाण्याच्या काठाला त्यांचं रान, तिथं त्यांनी दोन तंबू ठोकले होते. पर्यटनाची त्यांना काही पडली नव्हती, पण तात्यांनी केलं म्हटल्यावर करणं भागच होतं. "बबनची जाहिरात जिथं लावली आसल, तिच्या एक ओळ वर माझी लाव," एवढंच ते म्हणाले. जेवणाचं काय, तर आण्णांच्या कारभारणीचे गुडघे गेलेले, त्यामुळं जेवण हॉटेलातून. म्हणजे एकाकडं पाणी, दुसऱ्याकडं चूल आणि मध्ये कुलूप लावलेलं फाटक.

दोन्ही जाहिराती लागल्या आणि त्याच आठवड्यात तात्यांनी येडगावच्या देवळातल्या स्पीकरवरून पुकारा केला. मी तो स्वतः ऐकला नाही, पण मला इतक्या जणांनी म्हणून दाखवला की पाठ झाला. "समस्त ग्रामस्थांना इनंती, की नारायनगावला अल्ताफभाईच्या दुकानात आपली जाहिरात लागलेली हाय. तरी सर्वांनी सहकुटुंब येऊन बटन दाबून जावं." दुसऱ्या दिवशी आण्णांनी त्याच स्पीकरवरून तोच पुकारा आपल्या नावानं केला.

आमच्याकडं बोलावणं आलं की जायचं असतं. साखरपुडा असो, वास्तुशांत असो, नाही गेलं तर पुढं आपल्याकडं कोण येणार? बाजारच्या दिवशी सकाळी मी शटर वर केलं तर बाहेर रांग. बायका पिशव्या खाली ठेवून, पदर सारखा करून आत यायच्या, बटण दाबायच्या आणि चहाची वाट बघत बसायच्या. एकानं आपलं दाबून झाल्यावर मुंबईच्या भावाच्या नावानं आणखी एकदा दाबलं, "त्याची बी हजेरी लागू दे." एका म्हातारीनं माउसला आधी हळदीकुंकू लावलं. ती दोन्ही चुलतभावांची आत्या, तिनं दोघांच्याही जाहिरातींवर दाबलं आणि बाहेर पडल्यावर दोन्हीकडच्या शिव्या खाल्ल्या. ज्यांना नारायणगावला येणं जमलं नाही त्यांनी आळेफाट्याला, जुन्नरला, चिंचवडच्या भाच्याकडं जाऊन दाबलं. कंपनी म्हणे खोटे दाब ओळखून वगळायची. पण हे दाब खोटे कसे म्हणायचे? एवढ्या मनापासून जगात कुणी जाहिरात दाबली नसेल.

परिणाम असा की शहरातला माणूस न्याहारी करून कॉम्प्युटरपाशी बसेपर्यंत आमच्या दोन्ही जाहिरातींची दिवसाची मर्यादा संपलेली असायची. येडगावची जाहिरात अख्ख्या येडगावानं बघितली आणि बाकी कुणीच नाही. मी तात्यांना समजवायला गेलो.

"तात्या, लोकांना थांबवा. प्रत्येक दाबाला आपला खर्च होतो."

"मानसं दारात आली म्हंजी खर्च व्हनारच की, राव."

"पण ही माणसं आपलीच आहेत. ही काय खोलीत राहायला येणार आहेत का?"

तात्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की जणू मी लग्नात आहेर किती आला ते विचारलं. "आपली हायेत म्हनूनच तर आली," ते म्हणाले.

सुरेखाला सगळं कळत होतं. तिचा फोन यायचा, "भाऊ, आज बी कुनी न्हाई," आणि मागं कुठंतरी तात्या कुणालातरी अभिमानानं आपले दाब सांगत असायचे. भोसरीची ती खिडकी मलाही दिसायला लागली होती. गावाला थांबवता येत नव्हतं, तेव्हा मी पुन्हा दोन प्रकारच्या पत्रिका छापल्या.

म्हणजे असं केलं. सर्चचं उत्तराचं पान जसंच्या तसं माझ्या मशीनमध्ये उतरवून घेतलं आणि त्यात फेरफार केले. दुकानातल्या दाराजवळच्या मशीनवर "येडगाव" टाइप केलं की तात्यांची जाहिरात सगळ्यात वर. खिडकीजवळच्या मशीनवर आण्णांची सगळ्यात वर. कितीही दाबा, बाहेर काही जायचं नाही, पैसा हलायचा नाही. दाबल्यावर "आपण आलात, आनंद झाला" एवढं उमटायचं, तेही मी पत्रिकेच्या वळणदार अक्षरात केलं होतं. मग दोघांना निरोप दिला की आता फक्त आमच्याच दुकानातली हजेरी धरली जाणार. तसा स्पीकरवरून पुकारा झाला. तात्यांची माणसं दाराजवळ बसू लागली, आण्णांची खिडकीजवळ. ते दोघंही आठवड्यातून एकदा स्वतः यायचे, एकमेकांकडं पाठ करून बसायचे आणि आपलं नाव वर बघून समाधानानं जायचे.

एकदा तात्यांनी विचारलं, "समद्या जगात माझंच नाव वर हाय ना?"

हे मला जड गेलं. त्यांच्या तोंडावर हो म्हणवेना. मी म्हटलं, "तात्या, हे मशीन बसणाऱ्याच्या मनातलं ओळखतं. ज्याच्या मनात जे नाव, ते त्याला वर दिसतं." तात्यांना ते पटलं, कारण त्यांच्या मनात स्वतःचंच नाव असणार यात त्यांना शंका नव्हती. पुढं आण्णांनीही हेच विचारलं, त्यांनाही मी हेच सांगितलं.

इकडं खऱ्या जाहिरातींना जीव आला. त्या संध्याकाळपर्यंत टिकू लागल्या. सुरेखाच्या जाहिरातीतून मी श्रीकृपा काढली आणि "धरणाकाठी, चुलीवरची मासवडी" एवढंच ठेवलं. फोन येऊ लागले. पावसाळ्याच्या शेवटी पुण्याचं एक कुटुंब आलं, मग ठाण्याचं. जेवून खूश झाले. आणि मग प्रत्येकानं एकच विचारलं, "पाणी कुठंय?" पाणी समोर दिसत होतं, पण तारेच्या पलीकडं. सुरेखा आण्णांकडं गेली, फाटकापुरती किल्ली मागितली. आण्णा म्हणाले, "पोरी, तुला न्हाई म्हनत न्हाई. तुझ्या सासऱ्याला सांग, किल्ली मागायला यायला." तात्या म्हणाले, "मी जानार न्हाई. त्यो वयानं मोठा आसल, पर पाती माझी थोरली." ठाण्याच्या माणसानं जाताना वहीत वगैरे काही लिहिलं नाही, तोंडावरच सांगितलं की धरणाकाठी म्हणून बोलावता आणि धरण लांबून दाखवता, ही फसवणूक आहे. सुरेखा त्या दिवशी फोनवर रडली. दिवाळी जवळ आली होती.

बाजारपेठेत दिवाळीला सगळे गाळे रंगवतात, तसा आमचाही रंगवायला काढला. शुक्रवार होता. मी नमाजाला जाताना रंगाऱ्याला सांगून गेलो की वाळलं की मशीनं होती तिथंच ठेव. त्यानं ठेवली, फक्त दाराजवळचं खिडकीजवळ आणि खिडकीजवळचं दाराजवळ. त्याला सगळी मशीनं सारखीच दिसली, त्याचं तरी काय चुकलं.

मी परत आलो तर दोघंही आत बसलेले. तात्या दाराजवळ, आण्णा खिडकीजवळ, एकमेकांकडं पाठ. मी तात्यांच्या खांद्यावरून पाहिलं आणि माझ्या हातातली चप्पल खाली पडली. तात्यांच्या पडद्यावर सगळ्यात वर आण्णांचं नाव होतं. म्हणजे तिकडं खिडकीजवळ काय दिसत असणार ते सांगायला नको. आता भडका उडणार, मशीनं रस्त्यावर जाणार, असं धरून मी दारातच उभा राहिलो.

तात्यांनी पुन्हा एकदा "येडगाव" टाइप केलं, एका बोटानं, फार सावकाश. पुन्हा आण्णाच वर. मग त्यांनी इकडंतिकडं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली आणि पडद्यावर धरली. नागव्या माणसावर पांघरूण घालावं तशी. तिकडं आण्णा खांद्यावरचा टॉवेल पडद्यावर टाकून त्यावर दोन्ही हात ठेवून बसले होते, आणि कान लालबुंद.

तात्या उठले. माझ्याजवळ येऊन अगदी कुजबुजत म्हणाले, "अल्ताफ, तुझं ह्ये मशीन लई वंगाळ हाय. मानसाच्या आतलं बाहेर काढतंय." मग दाराकडं बघत, "कुनाला बोलू नगंस." ते गेल्यावर आण्णा आले. त्यांनी तेही म्हटलं नाही. नुसतं विचारलं, "बबननं त्याच्या मशीनवर काय बघितलं रं?" मी म्हटलं, आण्णा, मला दुसऱ्याच्या मनातलं सांगता येत नाही. त्यांनी मान हलवली आणि टॉवेल न घेताच गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखाचा फोन. इतक्या घाईनं बोलत होती की मला दोनदा थांबवावं लागलं. तात्या उठल्या उठल्या पक्कड घेऊन बाहेर पडले. तिला वाटलं, मोटरीचं काही असेल. पाहते तर ते कुंपणाची तार तोडायला लागलेले. तेवढ्यात पलीकडून आण्णा किल्ली घेऊन येताना दिसले. ती जीव मुठीत धरून उभी राहिली. आण्णांनी कुलूप काढलं. तात्यांनी पक्कड खिशात ठेवली.

"पानी लई चढलंय औंदा," तात्या म्हणाले.

"व्हय, लई चढलंय," आण्णा म्हणाले.

मग दोघं सुरेखाच्या ओट्यावर येऊन बसले आणि आण्णांनी मासवडी मागितली. सकाळी सकाळी! तिनं केली.

दिवाळीच्या सुट्टीत दोन्ही खोल्या भरल्या, दोन्ही तंबू भरले. पाहुणे सुरेखाकडं जेवायचे आणि फाटकातून पाण्यावर जायचे. चाकणचा तो मित्र पुन्हा विचारायला आला, त्याला सुरेखाच्या नवऱ्यानं ताटावर बसवलं आणि विषय संपला. मी दोन्ही जाहिरातींची एक केली. फक्त रस्त्यावर बोर्ड हवा होता, आणि बोर्डवर नाव हवं होतं, आणि मग पुन्हा तेच.

"आण्णाचं नाव आधी घाल. त्यो वयानं थोरला," तात्या पेंटरला म्हणाले.

"आसं कसं? पाती बबनची थोरली. त्याचं आधी," आण्णा म्हणाले.

इतकी वर्षं ज्यासाठी भांडले तेच मुद्दे, फक्त एकमेकांना वाटून घेतलेले. दोघांपैकी एकही मागं हटेना. पेंटर कंटाळून निघून गेला आणि पिवळा कोरा बोर्ड रस्त्यावर उभा राहिला. पाहुणे पुढच्या गावापर्यंत जाऊन परत यायचे. शेवटी दोघं एकत्र माझ्या दुकानात आले, दोन स्टुलं ओढून एकाच मशीनपुढं खांद्याला खांदा लावून बसले आणि तात्या म्हणाले, "मशीनला इचार. दोघांच्या मनात मिळून काय हाय, त्ये दावू दे."

मी म्हटलं, मशीन गरम व्हायला वेळ लागतो, तोवर चहा घ्या. मागच्या मशीनवर बसून मी जन्मात केली नसेल इतक्या घाईनं पान नव्यानं तयार केलं. मग तात्यांनी "येडगाव" टाइप केलं. सगळ्यात वर उमटलं, सुरेखाचं अंगण. खाली दोघांची नावं एकाच ओळीत.

दोघं वाचायला पडद्याजवळ वाकले. "खरं हाय," आण्णा म्हणाले. तात्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि वर मला म्हणाले, "तुझ्या दुकानात धूळ लई."

आता मोठमोठ्या कंपन्या सांगतात की आमचं मशीन तुमच्या मनातलं ओळखतं, ज्याला जे हवं ते त्याला वर दाखवतं. भाचा मला हे कौतुकानं वाचून दाखवतो. मी ऐकून घेतो. हे नारायणगावात कधीच करून झालं होतं आणि त्यात मशीनपेक्षा रंगाऱ्याचा हात मोठा होता, हे त्याला सांगून काय उपयोग. वाईट एवढंच वाटतं की मी पुष्कळ जणांच्या खऱ्याखुऱ्या जाहिराती लावल्या, पैसे घेतले, हिशोब दाखवले, त्यातली एकही लोकांच्या लक्षात नाही. आणि जे पान कुठं लागलंच नव्हतं, ते येडगावात अजून सांगतात.

बोर्ड रंगला त्या दिवशी सुरेखा दुकानात आली. डब्यात मासवडी होती. म्हणाली, "मला बी बघू द्या की, मशीननं काय दाखवलं." ती बसली, "येडगाव" टाइप केलं, आपलं नाव पाहिलं. मग तिनं "जुन्नर" टाइप केलं. तेच पान आलं. "मुंबई" टाइप केलं. तेच पान. बारावी झालेली बाई, तिला किती वेळ लागणार? मी उगाच झेरॉक्सच्या मशीनची झाकणं उघडत बसलो.

ती उठली, माझ्यापुढं डबा ठेवला.

"भाऊ, सासरे इचारतील, तू बी बघितलंस का म्हनून," ती म्हणाली. "मी सांगनार हाय, व्हय, बघितलं, मशीन लई खरं बोलतंय."